हात खिशात

मला नोकरी लागली तेव्हा बाबा ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. काम काय आहे, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, मुख्य काम म्हणजे न करणं. शेंगेवरची नजर न काढता ते म्हणाले, "ते तं तू घरी फुकटच करत होता. आता त्याचे पैसे भेटतात काय?"

भेटतात, पण थोडे. माझ्या ओळखपत्रावर 'वैयक्तिक सहाय्यक' असं छापलेलं आहे. वाशीममध्ये ते कुणी वाचत नाही, मला 'तो संस्थेवाला पोट्टा' म्हणतात. दिव्यांग माणसांनी आपापल्या घरात, आपल्या मर्जीनं राहावं, त्यासाठी लागेल तेवढीच मदत करायची आणि त्याहून गुंजभरही जास्त करायची नाही, हे माझं काम. मदत करणं जमतं. गुंजभर जास्त न करणं जमत नाही. आम्हा वऱ्हाडी माणसांना मोजून मदत करण्याची सवयच नाही. रोडग्यांच्या पंगतीत पाहुणा दोन्ही हातांनी ताट झाकून 'नको, नको' म्हणत असताना त्याच्या बोटांच्या फटीतून वरण ओतणारे लोक आम्ही. माझा त्यात हातखंडा होता. बहुधा त्यावरच माझी निवड झाली असावी.

प्रशिक्षण द्यायला पुण्याहून एक बाई आल्या. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत दोनच शब्द लिहिले, 'हात खिशात'. मग त्यांनी कॅलिफोर्नियातल्या एड रॉबर्ट्सची गोष्ट सांगितली. चौदाव्या वर्षी पोलिओ, मानेखालचं शरीर जवळजवळ लुळं, श्वासासाठी लोखंडी यंत्रात झोपायचं. अशा अवस्थेत हा गडी 1962 साली बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. वसतिगृहात यंत्र मावेना, म्हणून विद्यापीठाच्या दवाखान्यातच त्याची खोली. 1972 साली त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी तिथं स्वतंत्र जगण्याचं केंद्र काढलं. त्यांचं म्हणणं असं की, सगळं स्वतःच्या हातानं करणारा तेवढा स्वतंत्र, असं नाही. कोणती मदत, कुणाची आणि कधी घ्यायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पुढे 2006 साली संयुक्त राष्ट्रांच्या करारात कलम 19 म्हणून ही गोष्ट लिहिली गेली, 2007 साली भारतानं त्या कराराला मान्यता दिली आणि 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून 21 झाले. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. चहाच्या सुट्टीत सगळ्यांचे कप गोळा करून विसळून आणले. बाईंचा कप अर्धा भरलेला होता.

"मी पीत होते," त्या म्हणाल्या.

बाईंनी एड रॉबर्ट्ससाठी एवढ्या लांब जायची गरज नव्हती, असं मला अजून वाटतं. आमचा जिल्हाच घ्या. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा निघाला, स्वतःचा कलेक्टर, स्वतःची कचेरी, सगळं स्वतंत्र. तरी मोठं दुखणं निघालं की आम्ही अजून अकोल्याची गाडी धरतो. 2018 साली केंद्र सरकारनं वाशीमला विकासात मागे पडलेल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत घातलं, म्हणजे जिल्ह्यालाही एक सहाय्यक लागला. त्यावरून जिल्हा अपंग आहे, असं कुणी म्हणत नाही.

तर माझे पहिले मालक म्हणजे बूथवाले काका. मालकच म्हणायचं, असा बाईंचा दंडक होता. काकांना जन्मापासून दिसत नाही. एसटीडीचे बूथ अपंगांना प्राधान्यानं मिळायचे त्या काळात त्यांनी नाक्यावर बूथ चालवला. अर्ध्या गावाचे नंबर त्यांना पाठ होते आणि कोणाचा फोन कोणाला जातो, हेही. मोबाइल आले आणि बूथ बसला. आता त्याच टपरीत ते वह्या, पेनं, रिचार्ज आणि गोळ्याबिस्किटं विकतात. गल्ल्यावर बसून ते नोट दोन बोटांमध्ये ताणतात आणि सांगतात, दोनशेची. मी थक्क होऊन बघत राहायचो. नव्या मोठ्या नोटांची रुंदी सारखीच, लांबी तेवढी वेगळी. शंभरची 142 मिलीमीटर, दोनशेची 146, पाचशेची 150. "जुन्या नोटा बऱ्या होत्या," काका म्हणायचे, "शंभरात अन् पाचशेत सेंटीमीटरचा फरक होता. आता चार-चार मिलीमीटरवर आनून ठेवलं. सरकारले वाटलं असंल, आंधळ्यायचे बोटं लय तेज असतात."

काका एकटे राहतात आणि स्वतः रांधतात. माझं काम एवढंच होतं की पत्रं वाचून दाखवायची आणि जिथं सही हवी तिथं त्यांचं बोट नेऊन ठेवायचं. बाकी वेळ हात खिशात. पण काका टपरीवर गेले की मी त्यांच्या घरात एकटा उरायचो, आणि त्या घरातला ते मसाल्यांचं फळकूट मला बघवेना. सारखे स्टीलचे डबे आणि बहुतेकांच्या गळ्यात रबरं. कुणाला एक, कुणाला दोन, एकाला तर तीन. भाजीच्या जुड्यांची, दुधाच्या पिशव्यांची, मळकी झालेली रबरं. मी सगळी काढली. डबे चिंचेनं घासून लख्ख केले आणि उंचीप्रमाणे ओळीनं लावले. रबरांचा एक सुंदर चेंडू करून खिडकीत ठेवला.

रात्री काका आले. पिठलं टाकायचं म्हणून त्यांनी डब्याकडे हात नेला. डब्याच्या गळ्यावरून बोट फिरलं आणि थांबलं. दुसऱ्या डब्यावर फिरलं. मग तिसऱ्या.

"रबरं कोठी गेले?"

"काका, मी जरा आवरलं. लय घाण झाली होती…"

"एक रबर तिखट, दोन हयद, तीन धने," काका शांतपणे म्हणाले. "मिठाले काही नाही. मीठ कोनालेही समजते."

मी घाईघाईनं चेंडू सोडवायला लागलो, तर ते म्हणाले, "थांब. आधी लाईट बंद कर, मंग लाव."

अंधारात उघडा डबा समोर घेऊन बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की बेसन आणि हळद बोटाला जवळजवळ सारखीच लागतात. वास घ्यायला म्हणून मी पुढचा डबा नाकाशी धरला. त्याला एक रबर लागणार, हे मग वेगळं शोधावं लागलं नाही. शिंका थांबेपर्यंत काकांनी स्वतःच चुलीवर कढई ठेवली होती. पिठलं झकास झालं होतं. आठवडाभर ते मला 'रबरवाला' म्हणत होते. पुढे ते नावच पडलं.

दुसऱ्या मालकीण शिवणकाम करणाऱ्या ताई. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांना कॅलिपर, काखेत कुबड्या, गावात फिरायला हातानं पायडल मारायची तीनचाकी सायकल. गळ्यात मोजमापाची टेप कायम. त्यांनी नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन वाचलेलं होतं आणि मी वाचलेलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या भेटीतच आमच्यातली पायरी ठरून गेली.

त्यांच्याबरोबर एकदा एसटीनं जायचं होतं. ताई बसच्या दारापाशी आल्या, कुबड्या आधी वर सरकवल्या, पाठमोऱ्या झाल्या, गुडघ्यावरची कॅलिपरची कडी खट्ट करून सोडली, पायरीवर बसल्या आणि हातांवर अंग तोलत एकेक पायरी वर चढू लागल्या. त्यांची ही पद्धत वर्षानुवर्षांची. मध्ये कुणी बखोटीला धरलं की तोल जातो, हे त्यांनी मला निक्षून सांगितलं होतं. म्हणून मी नियमाप्रमाणे खाली उभा राहिलो, दोन्ही हात खिशात.

रांगेतल्या एका आजीबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "व माय! केवढा घोडा हाय, अन् हात खिशात घालून उभा! हात गहाण ठेवले काय रे?" मागून एक काका म्हणाले, "आजकालचे पोट्टे असेच." ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढून माझ्यावर तोंडसुख घेतलं. मला प्रशिक्षण, एड रॉबर्ट्स, कलम 19 सगळं सांगायचं होतं, पण रांग मोठी होती. शेवटी मान खाली घालून एक हात बाहेर काढला. ताई वरून ओरडल्या, "हात आत!"

बसमध्ये कंडक्टर आला. त्यानं विचारलं मला, "यायले कोठी जाचं?" जिच्या तोंडाला काहीही झालेलं नाही अशा बाईला सोडून तिच्याबद्दल दुसऱ्याला विचारणं, ही आपल्याकडची जुनी रीत. आणि उत्तर देणं ही माझी. ताई गुरुवारी निघाल्या म्हणजे कारंज्याच्या गुरुमंदिरातच चालल्या असणार, हे मी मनाशी ठरवून टाकलेलं होतं. "दोन कारंजा," मी ऐटीत म्हणालो.

तिकिटाचा हिशेब इथं सांगायलाच हवा, कारण तो माझ्या जिव्हारी लागलेला आहे. दिव्यांगाला साध्या गाडीत 75 टक्के सवलत. सोबत्यालाही निम्मं तिकीट आहे, पण दिव्यांगाच्या कार्डावर 65 टक्के अपंगत्व असेल तर. ताईंचं कार्ड पिवळं, त्यावर टक्के साठ. माझ्या शेजारी पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा, 2022 पासून फुकट. पुढच्या बाकांवर बायका, 2023 पासून अर्ध्या तिकिटात. बाजूला हाफ तिकिटातली पोरं. अख्ख्या गाडीत पूर्ण भाडं भरणारा धट्टाकट्टा गडी मीच, आणि तोच काय तो परावलंबी, हे पुढे मंगरूळपीरला सिद्ध झालं.

"पाच टक्क्यांनी गेलं हो ताई," मी हळहळलो.

"मंग काय, तुह्या तिकिटासाठी एखादा हात मोडून घेऊ?" ताई म्हणाल्या.

मंगरूळपीर आलं आणि ताई उठल्या. त्यांना शिलाई मशीनची मोटर बघायला मंगरूळपीरलाच यायचं होतं. "कारंज्याले जाचं असंल तं जा तू," त्या म्हणाल्या, "तिकीट हायच. देवाले माहा बी नमस्कार सांगजो." उरलेल्या अंतराचे दोघांचे पैसे पाण्यात गेले. गाडी सुटताना आजोबांनी खिडकीतून मला मोलाचा सल्ला दिला, "बाप्पा, बाईले इचारत जाय."

ताईंच्या टेपबद्दल सांगायचं राहिलं. कुठल्याही कचेरीत गेल्या की त्या आधी रॅम्प मोजतात. उंचीच्या बारापट लांबी असली तर चाक सहज चढतं, हा हिशेब त्यांना ब्लाउजच्या मापाइतका पाठ आहे. एका कचेरीसमोर त्यांनी टेप लावली, तर उंची सत्तावीस इंच. म्हणजे रॅम्प सत्तावीस फूट हवा. होता सहा फूट. वर गुळगुळीत, चकचकीत फरशी, बहुधा उद्घाटनाच्या फोटोत चांगली दिसावी म्हणून. आणि खाली कचेरीत आलेल्यांच्या मोटरसायकली.

"जाऊ द्या ताई, इथंच अर्ज लिहू," असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बसा तुम्ही, मी ढकलतो." बाह्या सारल्या, सायकलीला खांदा लावला. निम्म्यापर्यंत गेलोही. तिथं माझ्या चपलेनं फरशीची साथ सोडली. ताईंनी खटकन हातब्रेक ओढला आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली. मी मात्र पोटावर उताराला लागलो. पहिली मोटरसायकल दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर. शिपाई धावत बाहेर आला आणि त्यानं ताईंना विचारलं, "हा पेशंट तुमच्या सोबत हाय काय?"

ताईंनी मापांसकट अर्ज दिला. त्यावर कारवाई म्हणून रॅम्पच्या बाजूला चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र लागलं. चित्र फार सुबक आहे.

हे सगळं मी घरी हसत सांगतो, पण या कामात एक प्रश्न आहे जो हसण्यावारी नेता येत नाही. कोणत्याही घरी गेलो की चहा ठेवता ठेवता आई विचारतेच, "माह्यामागं याचं कसं होईन?" आपल्याकडे सहाय्यक म्हणजे आई. तिला ना पगार, ना रजा, ना हात खिशात घालायची मुभा. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली दिव्यांग मुलं वाढवली, त्यांना स्वतःचं आडनाव दिलं. अठरा वर्षांची झाली की अनाथालयातून बाहेर, हा नियम या मुलांना लावू नका, म्हणून ते वर्षानुवर्षं सरकारशी भांडत आले. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. अठराव्या वर्षी जायचं कुठं, या प्रश्नाचं उत्तर गावात, आपल्या गल्लीत मिळालं पाहिजे, असं आमच्या बाईंचं म्हणणं. त्यासाठी माझ्यासारखी माणसं लागतील, असंही त्या म्हणायच्या. म्हणताना माझ्याकडे बघायच्या नाहीत, तो भाग वेगळा.

तिसरा मालक दादा. वय चोवीस, डाउन सिंड्रोम, मावशीकडे राहतो. त्याला आठवडी बाजार एकट्यानं करायचा होता. ही इच्छा त्याची स्वतःची, हे मी वहीत लाल शाईनं लिहून ठेवलेलं आहे. याची रीत ठरलेली असते. आधी सोबत जायचं, मग दहा पावलं मागून, मग रस्त्याच्या पलीकडून, मग घरी बसून राहायचं. यादी चित्रांची. आलू, हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीच्या जुडीचं चित्र, खाली मावशीच्या अक्षरात 'सांबार'. आलू अर्धा किलो, मिरच्या पावशेर, सांबार दहाचा.

रस्त्याच्या पलीकडून जायचा टप्पा आला तेव्हा मी दादाला बजावलं, "बाजारात मी दिसलो तरी ओळख द्यायची नाही. मी तिथं नाहीच असं समजायचं. काय?" दादानं माझ्या हातावर हात मारून वचन दिलं.

ऊन मरणाचं होतं, म्हणून मी डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळला. नुसते डोळे उघडे. दादा आलूवाल्यासमोर थांबला की मी टोपल्यांच्या हातगाडीमागे बसायचो. तो निघाला की मी वाकून पुढच्या गाडीमागे. त्या बाजारात खिसे आणि मोबाइल मारले जातात, हे मलाही माहीत होतं, पण माझं सगळं लक्ष दादावर. त्यानं आलूचे पैसे दिले, उरलेले मोजून घेतले. मिरचीवाल्यानं खालच्या नरम मिरच्या पाल्यासकट तराजूत टाकल्या. माझे हात खिशात शिवशिवले. पण दादानं शांतपणे एकेक नरम मिरची काढून बाजूला ठेवली आणि वरच्या ताज्या घातल्या. मला भरून आलं. नीट दिसावं म्हणून मी समोरच्या बाईच्या पिशवीवरून मान पुढे काढली.

बाई किंचाळली.

पुढचं सगळं फार झटपट झालं. कुणीतरी कॉलर धरली, दोघांनी एकेक हात धरला, दुपट्टा ओढला गेला, गालावर एक बसली आणि ती कुणाची, हे पाहायला मान वळवली तर दुसऱ्या गालावर दुसरी. "कव्हापासून पाहून रायलो मी याले, गाड्याईमागं लपून रायला!" टोपलीवाला म्हणाला. मी जीव तोडून ओरडलो, "मी चोर नाही हो! मी तं त्या पोट्ट्याच्या मागावर आहे!"

यापेक्षा वाईट वाक्य मला त्या क्षणी सुचणं शक्य नव्हतं. गर्दी दुप्पट झाली. 'पोरं धरनारा' हा शब्द दहा तोंडांतून ऐकू आला. ओळखपत्र खिशात होतं, आणि ज्या हातांना खिशात राहायला शिकवण्यात माझी नोकरी चालली होती, ते दोघांनी बाहेर घट्ट धरलेले. शेवटी एका शहाण्या माणसाला सुचलं की त्या पोट्ट्यालाच विचारावं. दादाला पुढे आणलं. हातात पिशवी, पिशवीतून सांबार डोकावत होता.

"याले ओळखतं काय रे बेटा?"

दादानं माझ्याकडे नीट, खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नाही," तो म्हणाला. मग थोडं थांबून, कुठं कसूर राहू नये म्हणून, "कधीच पाह्यलं नाही."

आणि पिशवी सावरत घराकडे निघाला.

मी वाचलो तो बूथवाल्या काकांमुळे. त्यांची टपरी तिथून जवळच. आरडाओरडा ऐकून ते काठी टेकत गर्दीत शिरले आणि म्हणाले, "सोडा त्याले. रबरवाला हाय तो, संस्थेतला."

"काका, तुमाले तं दिसत नाही, वयखलं कसं?"

"कोनी न इचारता एवढं कोन बोलते?"

सोडलं मला. टोपलीवाल्यानं पाणी पाजलं, त्या बाईनं पिशवीतलं एक केळं दिलं. काकांनी माझ्या कोपराला धरलं आणि आम्ही टपरीकडे निघालो. कोण कुणाला नेत होतं, हे मागून बघणाऱ्याला कळलं नसतं. मावशीला फोन केला, तर दादा केव्हाच घरी पोचला होता, हिशेब चोख, दोन रुपये परत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी दादाच्या घरी गेलो तेव्हा तो पिशवी घेऊन दारातच उभा होता. माझ्या गालाकडे पाहून म्हणाला, "तू नको येऊ. तुले मारतात."

"बरं."

"इथं बस. मावशी चहा देते." दोन पायऱ्या उतरून तो परत वळला. "तुले काय आणू?"

पावशेर जिलबी, मी म्हणालो.

दादानं हात पुढे केला. "पैसे आधी."